तांबड्या ठिगळाचं शीड

आजही मी कपड्यांच्या दुकानात गेले की आधी कपडा उलटा करते. हँगरवरचा कुर्ता काढायचा, आतली शिवण बाहेर घ्यायची, अंगठ्याने टाके चाचपायचे आणि मग किंमत बघायची. जे. पी. नगरच्या मॉलमधल्या मुली माझ्याकडे संशयाने बघतात. माझी लेक तर चार पावलं लांब जाऊन उभी राहते, ही बाई आपली कुणी नव्हे अशा थाटात. हे वळण मला मल्लेश्वरमच्या घरमालकांनी लावलं असं सांगितलं तर ती म्हणते, "घरमालक भाडं घेतात, मम्मा. वळण कसलं लावतात?" तिला काय सांगणार! तिने अण्णांना पाहिलेलं नाही.

सगळा रस्ता त्यांना अण्णा म्हणायचा आणि त्यांच्या बायकोला अक्का. म्हणजे थोरला भाऊ आणि थोरली बहीण. लग्नाला चाळिसाच्या वर वर्षं झालेल्या जोडप्याला ही नावं कशी, असा प्रश्न बेंगळुरात फक्त माझ्यासारख्या नव्याने आलेल्या पुणेकरणीलाच पडू शकतो. त्यांचे कुणी खापरपणजोबा महाराष्ट्रातून इथे शिवणकाम करायला आले. कुठल्या गावाहून आले ते अण्णांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची हौसही नव्हती. त्यांच्या मराठीत दर चौथा शब्द कानडी, माझ्या मराठीत दर दुसरा इंग्रजी. आपली भाषा चांगली आणि समोरच्याची बिघडलेली, याबद्दल आम्हा दोघांच्याही मनात कधी शंका आली नाही.

रस्त्याकडेला त्यांचं शिंप्याचं दुकान, मागे घर, बाजूला चिंचोळं अंगण आणि वर गच्चीत एक खोली. ती खोली बघायला मी गेले तेव्हा नोकरी कुठे, अंडं खातेस का, किती वाजता परत येणार, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. माझ्या ओढणीचं टोक हातात घेतलं, उलटं केलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"हा काठ कुणी दुमडला?"

"आईने."

"हाताने?"

"हो."

"सरी, ठीक आहे. खोली घे."

भाड्याचा करार नेला तर तोही त्यांनी आधी उलटा करून पाहिला. मागे कोरं होतं. चांगलं आहे म्हणाले आणि पुढची बाजू न वाचता सही केली. समोर आलेली प्रत्येक गोष्ट ते अशीच उलटून बघायचे. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या शर्टाची बाही, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाची कॉलर, लग्नात नवरदेवाच्या शेरवानीचं टोक. एकदा एका कंडक्टरने त्यांना यावरून खाली उतरवलं होतं. स्वतःचा बनियन ते मुद्दाम उलटा घालत, शिवण अंगाला टोचते म्हणून. गळ्यातला टेप फक्त आंघोळीपुरता निघत असावा. भाजी मात्र अक्का आणायच्या, कारण केळी आणि टोमॅटो उलटे करून बघणाऱ्या माणसाला मल्लेश्वरमच्या बाजारात कुणी जवळ करत नव्हतं.

अक्का डावखुऱ्या. हे सांगायला हवं, कारण त्या घरात तो मोठा विषय होता. सगळेजण उजवीकडून डावीकडे टाके घालत जातात, अक्का डावीकडून उजवीकडे जायच्या, आणि त्यांचा टाका आपल्या टाक्याच्या विरुद्ध बाजूला कलायचा. उशांचे अभ्रे, पायपुसणी, पायजम्याची नाडी एवढंच त्यांच्याकडे. गिऱ्हाइकाच्या कपड्याला अण्णांनी त्यांना कधी सुई लावू दिली नाही. अक्कांना याचा राग होता का? होता. तो त्या सांबारात काढायच्या. ज्या दिवशी सांबार तिखटजाळ, त्या दिवशी दुकानात हाताचं काम तुंबलेलं असायचं आणि त्या नुसत्या बघत बसलेल्या असायच्या.

माझ्या पहिल्या मोठ्या मीटिंगसाठी अण्णांनी मला एक कोट शिवून दिला. मी तो घातला आणि आरशात एक सरळ, ताठ बाई दिसली. मी तशी नाही. मी वर्षानुवर्षं डाव्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग वाहिलेली, एका बाजूला कललेली बाई आहे. अण्णांच्या शाळेत शिकल्यामुळे मी कोट उलटा केला. डाव्या खांद्याच्या आत अस्तराखाली एक जादा थर बसवलेला होता. मी खाली जाऊन विचारलं तर ते मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "असू दे की."

मग अक्कांनी सांगितलं. त्यांच्या घराण्याचा तो नियम होता. गिऱ्हाइकाचा खांदा उतरता असेल, पाठीला बाक असेल, एक हात आखूड असेल, तर ते त्याला सांगायचं नाही. दुसऱ्या कुणाला तर नाहीच. मापाच्या वहीत एक ठिपका द्यायचा आणि आत अस्तर घालायचं. माणूस आरशात बघून खूश होऊन गेला पाहिजे, आपल्यात काय कमी होतं ते त्याला कळता कामा नये. मी सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामावर होते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून त्या सगळ्यांसमोर मांडायचा पगार घेत होते. मला तो नियम फार आवडला आणि थोडी स्वतःची लाजही वाटली.

मी राहायला जाऊन दोन वर्षं झाली असतील. अण्णांच्या हातून शर्टाची गुंडी चुकीच्या काजासमोर लागायला लागली. मग एका बाहीची शिवण वाकडी गेली. मग ते माझ्या स्कूटरला येऊन धडकले, आणि ती उभी होती. मीच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाच्या थेंबांनी जमेल तितकी जपायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. किती दिवस जपता येईल ते त्यांनी सांगितलं नाही.

परत येताना आम्ही रस्त्यात कॉफी प्यायला थांबलो. अण्णा कपबशी चाचपत म्हणाले, "नजरेला कडेकडेने दुमड पडत येतेय बघ. मधला तुकडा तेवढा उरलाय." मग त्यांनी जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही.

तरुणपणी ते वडिलांच्या हाताखाली कँटोन्मेंटमधल्या दुकानात बसत. अलसूर तलावात तेव्हा लष्कराच्या शिडाच्या होड्या फिरायच्या. एक अधिकारी फाटलेलं शीड घेऊन आला. दुकानात ते मावेना, म्हणून अण्णांनी फुटपाथवर पसरलं आणि दोन दिवस गुडघ्यांवर बसून हाताने शिवलं. शीड परत द्यायला गेले तर पहारेकऱ्याने फाटकातच घडी घेतली आणि त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तलावावर जाऊन उभे राहिले. पाण्यावर आठ-दहा शिडं होती. सगळी पांढरी.

"माझं कुठलं तेच कळलं नाही ग," अण्णा म्हणाले. "शर्ट शिवला तर तो रस्त्याने जाताना दिसतो. दिवाळीला परत येतो, काखेत उसवून. ते शीड एकदा गेलं ते गेलं. वारा भरल्यावर माझी शिवण कशी दिसते ते मी पाहिलंच नाही. सगळं शिवून झालं, सगळं बघून झालं. तेवढं एक राहिलं."

सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं एवढंच राहिलं होतं आणि तेही शीड. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

पुढे महिनाभराने एका रविवारी मी त्यांच्या व्हरांड्यात बसून फोनवर जुन्या सामानाच्या जाहिराती चाळत होते. मला जुना फ्रीज हवा होता. दोन फ्रीजांच्या मध्ये एक होडी निघाली. चौदा फुटी, शिडाची, गाडीमागे ओढून न्यायच्या ट्रेलरसकट, ठिकाण के. आर. पुरम. बेंगळुरात, समुद्रापासून इतक्या लांब, घरामागे होडी ठेवणारा कुणी आहे याचंच मला हसू आलं आणि मी ते मोठ्याने वाचलं. अण्णांचा काज करणारा हात थांबला.

"शीड आहे का तिच्याबरोबर?"

"आहे. फाटलेलं आहे असं लिहिलंय."

"फाटलेलं ना? चल."

"अय्यो!" अक्का आतून ओरडल्या. "होडी? ठेवणार कुठे? माझ्या डोक्यावर?"

"तुळशीच्या बाजूला," अण्णा म्हणाले. चपला त्यांनी तोवर घातल्याही होत्या. मला म्हणाले, "तू चल. चुका काढायच्या कामावर आहेस ना तू?"

होडी एका बाईंच्या परसात फणसाच्या झाडाखाली होती. बाई पंचेचाळिशीच्या, कन्नड बोलणाऱ्या, सरळ. ती होडी त्यांच्या वडिलांची. वडील इंजिनिअर, त्यांना पाण्याचं वेड. लहानपणी बाई त्यांच्याबरोबर सगळ्या तळ्यांवर हिंडल्या होत्या. आता वडील नव्हते आणि घर विकायचं होतं. "पंधरा-वीस वर्षं पाणी पाहिलेलं नाही तिने. नीट तपासून घ्या," असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

मी येताना बसमध्ये फोनवर वाचून जुनी होडी घेताना काय बघायचं त्याची यादी करून आणली होती. ट्रेलरची चाकं बघितली, टायर गेलेले होते. डोलकाठी बघितली, ती ठीक होती. दोर कुजले होते. सुकाणू जागेवर होतं. बाईंनी गॅरेजमधून शिडाची पिशवी आणली आणि तिथून पुढे अण्णांनी होडीकडे पाहिलंच नाही. त्यांनी शीड फरशीवर पसरलं, त्याच्यावर गुडघे टेकले आणि टोकापासून सुरुवात केली. प्रत्येक शिवण बोटाखालून घातली. सगळं शीड उलटं केलं आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा तेच. मधोमध दोन हात लांब फाटलं होतं. ते भोक त्यांनी असं कुरवाळलं की बाईंनी माझ्याकडे बघितलं. पाऊण तास हे चाललं. जन्मभर जगाची उलटी बाजू तपासणाऱ्या या माणसाने होडी उलटी करून तिचं बूड बघायचं मनातही आणलं नाही.

बूड मी बघितलं. म्हणजे होडीत चढले आणि मधल्या पट्टीशेजारी पाय ठेवला. तळ दबला. भिजलेल्या पावावर बोट दाबल्यासारखा दबला आणि पाय उचलला तरी चटकन वर आला नाही. मी पुन्हा दाबून बघितलं. यादीत ते पहिल्याच ओळीत होतं की तळ मऊ लागला तर होडी घेऊ नका.

"अण्णा," मी म्हटलं.

"हं?" त्यांनी शिडावरून वर बघितलं. चष्मा नाकावर घसरलेला, तोंडावर असा आनंद की मी त्यांना तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. हा माणूस होडी घेतच नव्हता, शीड घेत होता. होडी त्याच्याबरोबर फुकट येत होती. ती कुठे पाण्यात जाणार आहे, मी स्वतःला सांगितलं. अंगणात उभी राहील, शीड वर चढेल, गच्चीवरून वारा येईल, ते बघतील आणि झालं. आणि खांदा उतरता असला तर सांगायचं नसतं.

"काही नाही. टायर बदलावे लागतील," मी म्हटलं.

"सरी, सरी," अण्णा म्हणाले.

होडी मल्लेश्वरमला आली त्या दिवशी आमचा अख्खा रस्ता बंद झाला. टेम्पोमागे ट्रेलर, ट्रेलरवर होडी, आणि फाटक होडीपेक्षा चार बोटं अरुंद. रिक्षावाले उतरून सल्ले देऊ लागले. शेवटी फाटकाचं एक दार काढलं. माझी स्कूटर तीन महिने रस्त्यावर राहिली. अक्का दोन दिवस होडीशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना कळलं की तिच्यावर दिवसभर ऊन असतं आणि मांजर चढू शकत नाही. मग त्यांनी तिच्यात तांदळाचे सांडगे वाळत घातले.

ठिगळासाठी अण्णा चिकपेटेत गेले आणि ताडपत्रीच्या दुकानातून तांबडं भडक कापड घेऊन आले. शीड पांढरं, ठिगळ तांबडं.

"पांढरं मिळालं नाही?" मी विचारलं.

"मिळालं की. पण या वेळी तळ्यात माझं कुठलं ते कळलं पाहिजे." तळ्यात दुसरी होडीच नसणार हे सांगून काही उपयोग नव्हता. आणि तळ्यात, हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. अण्णांनी बाईंना फोन करून सगळं ठरवलं होतं. कोलारच्या बाजूला एका गावाचं मोठं तळं त्या वर्षी काठोकाठ भरलं होतं. बाई स्वतः होडी चालवायला येणार होत्या. मासेमारांना विचारून झालं होतं. मी "अरे वा" म्हटलं. तळ दबतो हे सांगायची ती दुसरी वेळ होती, तीही मी घालवली.

शिडाचं कापड पायमशीनखाली जात नव्हतं, म्हणून अण्णा ते हाताने शिवत. मेण लावलेला दोरा, दाभणाएवढी सुई. सकाळचा उजेड व्हरांड्यात यायचा तेवढे दोन तास ते काम करायचे. टाके वाकडे जात होते. मधल्या उरलेल्या तुकड्यातून त्यांना सुईचं टोक दिसायचं, पण आधीचा टाका दिसायचा नाही. काही टाके एकावर एक, काही ठिकाणी चार बोटं जागा रिकामी.

एकदा मी तापामुळे घरी होते. दुपारी खाली आले तर अण्णा आत घोरत होते आणि अक्का व्हरांड्यात शीड मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सकाळचे टाके त्या कात्रीच्या टोकाने उसवत होत्या. मग त्यांनी डाव्या हातात सुई घेतली आणि त्याच जागी, डावीकडून उजवीकडे, सारखे, बारीक, घट्ट टाके घालत गेल्या. इतका सुंदर हात मी पाहिला नव्हता. चाळीस वर्षं तो हात उशांच्या अभ्र्यांवर गेला होता.

"रोज?" मी हळूच विचारलं.

"रोज. झोप लागली की." त्यांनी दोरा दाताने तोडला. "त्यांना सांगू नको ग. हे टोक स्वल्प धर."

मी टोक धरलं. त्यानंतरही सुट्टीच्या दिवशी दुपारी मी तेच करायचे.

तळ्यावर गेलो ती सकाळ मला अगदी स्पष्ट आठवते. लख्ख ऊन, वारा बेताचा, कडेला शेवरीची झाडं. टोपलीसारख्या गोल होडीत बसून एक मासेमार आमची गंमत बघत होता. पोहायची जाकिटं दोनच होती. एक अण्णांना, एक मला, बाईंना पोहता येत होतं. अक्का काठावर थर्मास आणि टॉवेल घेऊन उभ्या राहिल्या. पाण्यात जायला त्यांनी साफ नकार दिला होता. मी होडीत का बसले? घाबरत होते म्हणून. काही झालं तर निदान मी तिथे असावं असं वाटलं. बोलणं त्याहून सोपं होतं, पण ते मला जमलं नाही.

बाईंनी दोर ओढला आणि शीड वर गेलं. थोडा वेळ ते नुसतं फडफडलं. मग बाईंनी सुकाणू वळवलं आणि वारा आत शिरला. शीड गच्च भरलं, ताठ झालं, आवाज थांबला आणि होडी निघाली. तांबडं ठिगळ आमच्या डोक्यावर, निळ्या आभाळात, बरोबर मध्यावर. अण्णांनी मान वर केली. त्यांना कडेचं काही दिसत नव्हतं, काठ नाही, पाणी नाही, आम्हीही नाही. मधला तुकडा दिसत होता, आणि त्यात ते ठिगळ होतं.

"ओढ बसतेय," ते म्हणाले. "बघ, सगळी ओढ शिवणीवर बसतेय. धरलंय तिने." त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. मीही रडत होते. आमचं दोघांचं चाललेलं बघून बाई वडिलांच्या आठवणीने रडायला लागल्या. होडी चालवणारं माणूस रडत असताना होडी इतकी छान चालते हे मला माहीत नव्हतं.

मग माझे पाय ओले झाले. मधल्या पट्टीशेजारून, जिथे मी पाय ठेवला होता तिथूनच, पाणी आत येत होतं. आधी पेलाभर, मग बादलीभर. मी ओरडले. बाईंनी एका झटक्यात होडी काठाकडे वळवली. मी डब्याने पाणी उपसत होते, काठावरून अक्का काय ओरडत होत्या ते कळत नव्हतं, मासेमार आपली टोपली वल्हवत आमच्याकडे येत होता. अण्णा कमरेपर्यंत पाण्यात बसून वरच बघत होते. कमरेएवढ्याच खोल पाण्यात होडी टेकली आणि मासेमाराने अण्णांना खांद्याला धरून बाहेर काढलं.

काठावर अक्का त्यांचं डोकं पुसत होत्या. मला आता राहवेना.

"मला के. आर. पुरमलाच कळलं होतं, अण्णा. तळ दबत होता. मी बोलले नाही."

अक्कांचा हात थांबला.

"का?" अण्णांनी विचारलं.

"तुमच्याकडचा नियम ना. खांदा उतरता असला तर सांगायचं नाही."

अण्णांना मी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. ते त्या दिवशी चिडले. "ते माणसाचं ग! माणूस काय दुसरा खांदा आणणार आहे? म्हणून नाही सांगायचं. होडीचं सांगायचं. वस्तूचं तोंडावर सांगायचं! तुझं तर कामच ते. माझं जाऊ दे, त्या बाई होत्या, तू होतीस. तुला काही झालं असतं तर तुझ्या आईला मी काय सांगणार होतो? ओढणीचा काठ हाताने दुमडणाऱ्या बाईला?"

मला खूप लागलं ते, आणि लागायलाच हवं होतं. मी हुंदके द्यायला लागले तेव्हा त्यांनी ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला. "पुरे आता. शीड पाहिलं मी." मग ते आणि अक्का, चादरीची घडी घालतात तशी, समोरासमोर उभे राहून शिडाची घडी घालू लागले. ठिगळापाशी अण्णांची बोटं जरा थबकली. ओल बघत असतील असं मला वाटलं.

होडी पुन्हा पाण्यात गेली नाही. अंगणात, सांडग्यांखाली राहिली. वर्षभरात अण्णांचा मधला तुकडाही गेला. दुकानाचं शटर खाली आलं. माझं लग्न झालं आणि मी जे. पी. नगरला आले, पण महिन्यातून एकदा जायचेच. अक्कांनी शीड व्हरांड्यात उन्हाला आडोसा म्हणून टांगलं होतं. अण्णा त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे, ठिगळ बरोबर हाताशी येईल असे.

तो नियम मला छळत होता. वस्तूचं तोंडावर सांगायचं. मग ठिगळाची शिवण ही वस्तूच नव्हे का? एकदा गप्प बसून मी तिघांना जवळजवळ बुडवलं होतं. एके दिवशी अक्का आत कॉफी करत असताना मी धीर केला.

"अण्णा, या ठिगळाची शिवण आहे ना..."

"हळू बोल," ते म्हणाले. "ती आत आहे." त्यांनी माझं बोट धरून शिवणीवर ठेवलं. "चाचप. टाका कुठे कलतो?" मग स्वतःच्या मांडीवर नखाने एक रेघ ओढली. "माझ्या हाताचा असा कलतो." शेजारी दुसरी ओढली, उलट्या बाजूला कललेली. "आणि हा असा."

"कधी कळलं तुम्हाला?"

"तळ्यावर. घडी घालताना."

"मग त्यांना बोलला का नाहीत? वस्तूचं सांगायचं ना?"

"शीड वस्तू आहे की," अण्णा म्हणाले. "पण माझा डोळा लागायची वाट बघत रोज दुपारी बसून राहायची, ती काय वस्तू आहे? चाळीस वर्षं मी तिला सुई लावू दिली नाही. आणि त्या दिवशी वर सगळी ओढ धरून बसले होते ते तिचे टाके." त्यांनी ठिगळावर तळहात ठेवला. "मी तिला काय सांगू, सांग."

अक्का कॉफी घेऊन बाहेर आल्या. "काय कुजबुज चाललीय?"

"माझी शिवण दाखवतोय हिला," अण्णा म्हणाले. "एक टाका उसवला नाही अजून. अल्वा? खरं ना?"

"उसवेल कसा?" अक्का म्हणाल्या. "हात कुणाचा आहे!" आणि त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मोठे केले, बोलायचं नाही म्हणून.

मी कॉफी घेतली आणि अक्कांकडे बघून मान हलवली. अण्णा हसत होते. त्यांचं बोट ठिगळाच्या काठावरून, एकेका टाक्यावर थांबत, डावीकडून उजवीकडे चाललं होतं.